शंभर टक्के खात्री!

राधाबाई चाळ, १९९३. लोकल ट्रेनमधले स्फोट, २००६. जोगेश्वरीच्या अंगावरच्या दोन जखमा. अतिरेक्याचं डोकं कसं चालतं, हे आपण सगळेच विचारतो. त्याच्या मागावर असलेलं डोकं प्रेशरखाली कसं चालतं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही...

एक बॅग आहे. काळी, साधी, रॅकवर कोपऱ्यात सारलेली. संध्याकाळची बोरिवली फास्ट, फर्स्ट क्लास. अंधेरीला निम्मा डबा रिकामा झाला आणि आता तुमच्या लक्षात येतंय की त्या बॅगेखाली उभा असलेला माणूस केव्हाच उतरून गेलाय. कानात हेडफोन, हातात मोबाइल, खिडकीबाहेर जोगेश्वरी मागे पळतेय. चेन ओढाल? ओढलीत आणि आत जेवणाचा डबा नि जिमचा टॉवेल निघाला, तर अख्खी वेस्टर्न लाइन लेट आणि डब्यातल्या सगळ्यांच्या शिव्या तुमच्या नावावर. नाही ओढलीत आणि आत टॉवेल नसला, तर?

बहुतेक जण काय करतात, माहितीये? शेजाऱ्याकडे बघतात. शेजारी आपला शांतपणे मोबाइलमध्ये. म्हणजे काही नसणार! गंमत अशी की त्या शेजाऱ्यानंही मघाशी हळूच तुमच्याकडे बघून हेच ठरवलेलं असतं. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हे एका प्रयोगातून दाखवून दिलं. कॉलेजच्या मुलांना खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के उठून सांगायला गेले. पण शेजारी आधीच पढवून ठेवलेली दोन मख्ख माणसं बसवली, तेव्हा उठणारे उरले फक्त १० टक्के. बाकीचे खोकत, डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. बोला आता!

हा निर्णय तुम्हा-आम्हाला आयुष्यात एखाद वेळा घ्यावा लागतो. काही लोकांची मात्र नोकरीच ही असते. त्यांच्यापुढे नेहमी दोनच चुका वाढून ठेवलेल्या असतात. खरा धोका सुटला, ही एक. नसलेला धोका दिसला, ही दुसरी. एक टाळायला जावं तर दुसरी वाढते, आणि दोन्ही शून्यावर आणणारं बटण अजून कुणी बनवलेलं नाही. पहिल्या चुकीचे फोटो पेपरात पहिल्या पानावर येतात. दुसरीचे येतात वीसेक वर्षांनी, आतल्या पानावर, आणि तेही आलेच तर.

सहा चोवीस ते सहा पस्तीस

११ जुलै २००६, मंगळवार. चर्चगेटहून निघालेल्या सात गाड्या, फर्स्ट क्लासचे सात डबे, अकरा मिनिटं. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. जोगेश्वरीचा स्फोट साधारण ६:२५ चा. सगळे मिळून १८९ जण गेले आणि आठशेच्या वर जखमी झाले. मोबाइल नेटवर्क झोपलं. रुळांशेजारच्या वस्त्यांमधले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले, जखमींना त्यातच गुंडाळून मिळेल त्या गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल धावत होत्या आणि आपण त्यांना लटकत होतो. पेपरांनी त्याला 'स्पिरिट ऑफ मुंबई' म्हटलं. मस्टरवर सही नि होम लोनचा हप्ता यांनाही थोडं श्रेय द्यायला हरकत नव्हती म्हणा.

आता स्वतःला तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवा. शहर हादरलेलं, दिल्लीहून फोन, टीव्हीवर चोवीस तास काउंटडाउन, रोज एकच प्रश्न, 'कुणाला पकडलं?' डेडलाइनचं टेन्शन आपल्यालाही असतं. पण आपलं प्रेझेंटेशन फसलं तर क्लायंट जातो, इथे पुढची ट्रेन उडू शकते. ३० सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे स्फोटांनंतर ८१ व्या दिवशी, तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं की केस सुटली. कट पाकिस्तानात शिजला, लष्कर-ए-तय्यबानं आणि इथल्या 'सिमी'च्या पोरांनी तो अमलात आणला, असा दावा होता. तपास दहशतवादविरोधी पथकाकडे, म्हणजे एटीएसकडे होता. 'मकोका' लागला. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. १९९९ च्या या कायद्यात मात्र एसपी किंवा डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला चालतो. ही बारीकशी तरतूद नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

२०१५ मध्ये विशेष कोर्टानं तेरापैकी बारा जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा निर्दोष सुटला. पेशानं शाळेतला शिक्षक, तोवर नऊ वर्षं तुरुंगात काढून झालेली. मग २१ जुलै २०२५. मुंबई हायकोर्टानं उरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. ६७१ पानांचं निकालपत्र. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण हे ऐकायला उरलाच नव्हता, २०२१ मध्ये नागपुरात तो कोविडनं गेला होता.

हायकोर्टाला काय पटलं नाही? टॅक्सीवाल्यांची साक्ष घ्या. आपल्या टॅक्सीतून आरोपींना चर्चगेटला सोडलं, असं सांगणारे साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प होते आणि मग अचानक त्यांना चेहरे आठवले. मुंबईतला टॅक्सीवाला दिवसाला किती भाडी मारतो? मागच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा त्यानं शंभर दिवस का म्हणून जपून ठेवावा? तुम्ही शंभर दिवसांपूर्वी ज्याच्या रिक्षात बसलात, त्याचा चेहरा आठवून बघा बरं! ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकारच नव्हता, असं निघालं. कबुलीजबाबांमधले काही भाग एकमेकांशी शब्दशः जुळत होते, आणि ते छळ करून घेतल्याचा आरोपींचा दावा कोर्टानं मान्य केला. स्फोटात कुठल्या प्रकारचा बॉम्ब वापरला, तेवढंही सरकारी पक्षाला ठामपणे सिद्ध करता आलं नाही.

बरं, मध्येच आणखी एक भानगड झाली होती. २००८ मध्ये मुंबई क्राइम ब्रँचनं इंडियन मुजाहिदीनची मंडळी पकडली, आणि त्यातल्या एकानं लोकलमधले स्फोट आपल्या गटाचे असल्याचं सांगितल्याची नोंद झाली. म्हणजे एकच गुन्हा, आणि कबूल करणारे गट दोन! हा माणूस पुढे कोर्टात फिरला. एटीएसची मूळ थिअरी मात्र जागची हलली नाही.

डोक्याला कडी लागते तेव्हा

पोलीस नालायक होते, खुन्नस होती, अशी एका ओळीची उत्तरं द्यायला सोपी आहेत, आणि काही ठिकाणी खरीही असतील. पण मला जास्त भीती प्रामाणिक अधिकाऱ्याची वाटते. हुशार, अनुभवी, रात्र-रात्र जागणारा, आणि मनापासून खात्री पटलेला.

आरी क्रुगलान्स्की नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत, अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठातले. माणसाला अनिश्चितता सोसवत नाही, कुठलं तरी एक पक्कं उत्तर हातात हवं असतं, ही भूक त्यांनी अनेक वर्षं अभ्यासली. ती प्रत्येकात असते. कुणात कमी, कुणात जास्त. पण वेळ कमी असला, आवाज फार असला, थकवा आला, की सगळ्यांचीच वाढते. मग माणूस पहिलं बरं उत्तर झडप घालून पकडतो आणि नंतर घट्ट धरून ठेवतो. दाराला कडी लागते. नंतर येणारा प्रत्येक पुरावा दारातूनच परत जातो, किंवा आधीच्या उत्तराच्या मापाचा कापून घेतला जातो.

याचं सगळ्यात भारी उदाहरणही ट्रेनचंच आहे. ११ मार्च २००४, माद्रिद. लोकल गाड्यांमध्ये बॉम्ब, १९० हून जास्त मृत्यू. डिटोनेटर असलेल्या एका पिशवीवर बोटाचा ठसा सापडला. अमेरिकेच्या एफबीआयनं तो कॉम्प्युटरवर टाकला आणि ओरेगॉन राज्यातल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचं नाव आलं. एक नाही, अनेक तज्ज्ञांनी ठसा तपासला आणि जुळतो म्हणून सांगितलं. खात्री? शंभर टक्के! त्यात हा माणूस धर्मांतर करून मुसलमान झालेला; झालं, चित्र पूर्ण. स्पेनचे पोलीस ओरडून सांगत होते की ठसा जुळत नाही. ऐकतो कोण? मे २००४ मध्ये मेफिल्डला उचललं. दोन आठवड्यांनी स्पेननं ठशाचा खरा मालक शोधला, भलताच माणूस. अमेरिकेच्या सरकारनं माफी मागितली आणि २० लाख डॉलर भरपाई दिली.

पुढे इटिएल ड्रोर या संशोधकानं एक भन्नाट प्रयोग केला. ठसेतज्ज्ञ पाच. प्रत्येकाला त्यानं स्वतःच पूर्वी 'जुळतात' म्हणून सही केलेले ठसे पुन्हा दिले, फक्त सांगितलं की हे त्या मेफिल्ड प्रकरणातले चुकलेले ठसे आहेत. पाचपैकी चौघांनी आपलंच जुनं मत सोडलं! ठसे तेच, डोळे तेच. बदलली होती फक्त कानावर पडलेली गोष्ट. हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. आपल्याकडे लोकल स्फोटांचा तपास चालू होता, ते हेच वर्ष.

जुलै २०२५ च्या निकालाच्या सुरुवातीलाच हायकोर्टानं नेमकं यावर बोट ठेवलंय. गुन्हा सुटल्याचा नुसता देखावा उभा केला, की समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका तसाच मोकळा फिरत राहतो, असा त्याचा आशय. न्यायमूर्तींनी क्रुगलान्स्की वाचले होते की नाही, देव जाणे. पण मुद्दा तोच.

आणि समोरच्या बाजूला?

आता खरी गोची. हीच पक्क्या उत्तराची भूक अतिरेक्याच्या डोक्यातही असते, आणि तिथे तर ती मुख्य इंधन असते.

सिनेमातला अतिरेकी आठवा. लाल डोळे, सुरमा, विकृत हसणं. मार्क सेजमन हे मनोविकारतज्ज्ञ. आधी अमेरिकेच्या सीआयएमध्ये होते. जागतिक जिहादी जाळ्यांतल्या १७२ जणांची माहिती गोळा करून त्यांनी २००४ मध्ये पुस्तक लिहिलं. वेडाची लक्षणं जवळपास सापडलीच नाहीत. बरेच जण मध्यमवर्गीय, शिकलेले, लग्न झालेले. आणि बहुतेक जण संघटनेत शिरले ते मित्रांच्या नाहीतर नातलगांच्या हाताला धरून. आधी दोस्ती, नंतर विचारसरणी. आपण जिमला जातो तसंच की! एकट्यानं कुठे जातो?

डिएगो गाम्बेटा आणि स्टेफन हेर्टोग या दोघांनी तर आणखी खट्याळ प्रश्न विचारला: या गटांत इंजिनिअर इतके का भेटतात? २०१६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. मुस्लिम देशांतल्या शिकलेल्या कट्टरपंथीयांमध्ये इंजिनिअरांचं प्रमाण खूपच जास्त निघालं. बेकारीनं भंगलेली स्वप्नं हे एक कारण. दुसरं असं, की प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं असं मानणाऱ्या डोक्याला टोकाच्या विचारांचा नीटनेटका साचा आवडतो. (वाचकांमधल्या बी.ई. मंडळींनी रागावू नये. जगातले जवळजवळ सगळे इंजिनिअर कुणालाही न मारता रिटायर होतात.)

मे २०१४ मध्ये कल्याणहून चार तरुण इराककडे निघाले, इस्लामिक स्टेटमध्ये सामील व्हायला. त्यातला एक नोव्हेंबरमध्ये परत आला तेव्हा देशभर बातमी झाली, आणि सगळ्यांना धक्का बसला तो याचाच की ही तुमच्याआमच्यासारखी, शिकणारी, नेटवर बसणारी पोरं होती. कल्याण! जिथून आपली निम्मी ऑफिसं भरतात. क्रुगलान्स्की म्हणतात, अशा पोरांना बंदुकीपेक्षा आधी हवं असतं ते आपण कुणीतरी आहोत हे वाटणं. कुठे अपमान झालेला असतो, कुठे नुसतंच आयुष्य फिकं असतं. मग कुणीतरी एक गोष्ट सांगतो, जिच्यात शत्रू ठरलेला आहे, हिरो ठरलेला आहे, आणि हिरोच्या जागी रिकामी खुर्ची आहे. त्या गोष्टीत 'कदाचित' हा शब्द नसतो. हे एकाच धर्माचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल, तर जानेवारी १९९३ चे पेपर काढून बघावेत.

रात्रीचे साडेबारा

जोगेश्वरी पूर्वेला उतरलात की गुंफा, इस्माईल युसूफ कॉलेजची टेकडी, मेघवाडी, प्रेमनगर सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. एका गल्लीत एका धर्माचे, पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या. ८ जानेवारी १९९३, रात्री साडेबाराच्या सुमाराला राधाबाई चाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाळीतल्या काही हिंदूंच्या खोल्यांना बाहेरून कड्या घालून आग लावली गेली. सहा जण जळून मेले. एक पुरुष, पाच बायका. त्यातली एक अपंग मुलगी. तिघं गंभीर भाजले.

ही घटना भयंकर होतीच, तिला मसाल्याची गरज नव्हती. तरी मसाला लावला गेला. या घटनेच्या भडक, अतिरंजित बातम्या दिल्या गेल्या, असं न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं स्पष्ट नोंदवलंय. शहरभर बदल्याची लाट उसळली. एका चाळीतले काही गुन्हेगार हा हा म्हणता 'ते सगळे' झाले. शत्रू ठरला, हिरो ठरला, 'कदाचित' गेला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मिळून आयोगानं ९०० मृत्यू मोजले: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, इतर पाच, आणि ४५ जणांची ओळखच पटली नाही.

याच्या दोन महिन्यांनंतर, १२ मार्च १९९३. बारा बॉम्बस्फोट, २५७ मृत्यू. शरद पवार मुख्यमंत्री म्हणून परत येऊन जेमतेम आठवडा झालेला. स्फोटांच्या जागा बघून त्यांच्या लक्षात आलं की निशाणा मुख्यतः हिंदू वस्त्यांवर आणि व्यापारी ठिकाणांवर दिसतोय. हे शहराला कळलं की जानेवारी परत. त्यांनी दूरदर्शनवर जाऊन बाराचे तेरा केले. मशीद बंदर या मुसलमान वस्तीचंही नाव स्फोटांच्या यादीत घातलं. तिथे काहीच झालं नव्हतं! नंतर त्यांनी हे स्वतःच अनेकदा जाहीरपणे सांगितलं. शहर पेटलं नाही.

खोटं बोलणारं सरकार मला एरवी झेपत नाही. उद्या प्रत्येक मंत्री 'सार्वजनिक हितासाठी' थापा मारायला लागला तर? तरीही या निर्णयात मला दिसतं ते असं: प्रचंड प्रेशरखाली तो माणूस 'कुणी केलं' या प्रश्नाकडे धावला नाही. पुढच्या तासाभरात गर्दीचं डोकं कसं चालेल, हा प्रश्न त्यानं आधी घेतला. गर्दीला पक्कं उत्तर मिळण्याआधीच त्यानं ते उत्तर थोडं पातळ करून ठेवलं. पंधरा वर्षांनी मोबाइल कॅमेरे आणि चॅनेलं आली, तेव्हा हे जमलंच नसतं. मशीद बंदरहून दहा मिनिटांत लाइव्ह फीड आला असता.

गणितही ऐकत नाही

एमबीएला स्टॅटिस्टिक्सचा पेपर कसाबसा काढलेल्यांसाठी एक हिशोब. समजा, एका लाइनवर दिवसाला ३० लाख प्रवासी. समजा, त्यात १० जण घातकी. आणि समजा, आपल्याकडे एक जादूचं यंत्र आहे जे ९९ टक्के वेळा बरोबर सांगतं. ते दहाच्या दहा पकडेल बहुधा. पण उरलेल्यांतले एक टक्का, म्हणजे ३० हजार निष्पाप लोकही पकडेल! यंत्रानं बोट दाखवलेल्या तीन हजारांमागे एक खरा. आता यंत्राच्या जागी दाढी, नाव, पत्ता बघणारा, दोन शिफ्ट केलेला हवालदार ठेवा. जोगेश्वरीचा पत्ता सांगितला की भाड्यानं घर द्यायचं नाही, असल्या गोष्टी याच गणिताच्या घरगुती आवृत्त्या आहेत.

आणि कधी कधी उलट तपासायला वेळच नसतो. २२ जुलै २००५, लंडन. दोन आठवड्यांपूर्वी भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये ५२ जण मारले गेलेले, आदल्याच दिवशी आणखी चार बॉम्ब फसलेले, हल्लेखोर मोकाट. पोलिसांनी एका बिल्डिंगवर पाळत ठेवलेली. त्यातून एक तरुण बाहेर पडला, आणि ज्याच्याकडे कॅमेरा होता तो जवान नेमका लघवीला थांबला होता, म्हणून शूटिंग झालं नाही. 'तोच असावा' हे वायरलेसवरून जाता जाता 'तोच' झालं. स्टॉकवेल स्टेशनवर गाडीत बसलेल्या त्या तरुणाच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या. जाँ शार्ल द मेनेझिस, वय २७, ब्राझीलचा इलेक्ट्रिशियन. त्याचा कशाशीच संबंध नव्हता. २००७ मध्ये लंडन पोलीस दलाला दोषी ठरवून दंड झाला, आणि तोही कुठल्या कायद्याखाली? कामाच्या ठिकाणची सुरक्षितता!

मुंबईकडे २६ नोव्हेंबर २००८ ची रात्रही आहे. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत बहुतेकांकडे लाठ्या. तुकाराम ओंबळेंनी अजमल कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि माणूस जिवंत हाती लागला. जिवंत माणूस, सीसीटीव्ही, फोनवरची संभाषणं; पुरावा इतका होता की कुणाच्या कबुलीवर केस टांगावी लागली नाही. त्याच खटल्यात नकाशे पुरवल्याचा आरोप असलेले दोन भारतीय विशेष कोर्टात सुटले, हायकोर्टात सुटले, सुप्रीम कोर्टातही सुटले. एकाच खटल्यात, एकाच संतापलेल्या शहरात, कोर्टानं खरं आणि तकलादू वेगळं काढलं. म्हणजे जमतं की!

मग जमत नाही तेव्हा कमी काय पडतं? मालेगावकडे बघा. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत एटीएसनं नऊ मुसलमान तरुण पकडले. पुढे एनआयएनं वेगळ्याच, हिंदू कट्टरवादी गटावर आरोपपत्र ठेवलं आणि २०१६ मध्ये आधीच्यांना कोर्टानं आरोपमुक्त केलं. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल ३१ जुलै २०२५ ला लागला, सातही आरोपी निर्दोष. लोकल स्फोटांच्या निकालानंतर बरोबर दहा दिवसांनी. पहिल्या निकालावर हळहळणारे दुसऱ्यावर पेढे वाटत होते, आणि पहिल्यावर पेढे वाटणारे दुसऱ्यावर हळहळत होते. दोन्ही स्फोटांत गेलेल्यांच्या घरी पेढ्यांचा प्रश्नच नव्हता.

१९७३ मध्ये इजिप्त हल्ला करणारच नाही, अशी इस्रायलच्या लष्करी गुप्तचरांना ठाम खात्री होती, आणि ऑक्टोबरमध्ये हल्ला झाला. त्यानंतर तिथे एक छोटं खातं काढलं, ज्याचं काम एकच: साहेबांची खात्री आहे त्याच्या विरुद्ध बाजू मांडायची. पगार घेऊन! (२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची खात्री पुन्हा फसली. नुसतं खातं असून भागत नाही, त्याचं ऐकावंही लागतं.) आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि चौकशी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणांच्या ऑफिसांत सीसीटीव्ही बसवायचे आदेश दिले. ठसे तपासणाऱ्याला आधी केसची कथा न सांगणं, ओळख परेड घेणाऱ्याला आरोपी कोण ते माहीत नसणं, कबुली आली तरी तिच्याशिवाय केस उभी राहते का ते बघणं, हे सगळं स्वस्तातलं काम आहे. अवघड आहे ते ऐंशी दिवसांनी पत्रकार परिषदेत 'अजून सांगता येत नाही' म्हणणं. असं म्हणणाऱ्या पोलीस आयुक्ताला आपण किती दिवस टिकू देऊ?

हो, आणि ती बॅग. चेन ओढायच्या आधी मोठ्यानं विचारा, 'ही बॅग कुणाची?' मख्ख चेहऱ्यांची साखळी तुटायला एक आवाज पुरतो. कुणीच हात वर केला नाही तर हात लावू नका, लांब व्हा आणि रेल्वे पोलिसांच्या १५१२ वर फोन लावा. टॉवेल निघाला तर निघाला.

लोकल स्फोटांची फाइल निकालानंतर तीनच दिवसांत दिल्लीला पोचली. २४ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही, पण या निकालाचा आधार मकोकाच्या इतर खटल्यांत घेता येणार नाही. राज्य सरकारचं अपील दाखल झालेलं होतं. जोगेश्वरीची दुसरी फाइल त्याआधीच मिटलेली. राधाबाई चाळ प्रकरणात 'टाडा' कोर्टानं १९९६ मध्ये अकरा जणांना दोषी धरलं. साक्षीपुरावा टिकत नाही म्हणून १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं अकराही जणांना सोडलं. त्या रात्री बाहेरून कड्या कुणी लावल्या, याचं कोर्टात टिकलेलं उत्तर त्यानंतर आलेलं नाही.